धुपाच्या गोदामातलं नाक

आचोळ्याच्या आमच्या सोसायटीत हळदीकुंकवाला कुणी नवीन बाई आली की हटकून विचारते, "तुम्ही कुठे होता नोकरीला?" मी म्हणते, "कामणला, एका गोदामात." "काय काम करायचात?" "वास घ्यायचे." एवढ्यावर ती हसते, मग तिला वाटतं मी अत्तरांच्या कंपनीत होते, आणि ती आपलं मनगट पुढे करते. मी सांगते, अत्तर नाही हो, धूप. झाडाचा डिंक. गोण्यांनी यायचा आणि आम्ही तो निवडायचो. त्यानंतर तिचा रस संपतो आणि ती तिळगुळाकडे वळते. म्हणून म्हटलं, निदान दिवाळी अंकाच्या वाचकांना तरी नीट सांगावं. ते अर्ध्यावर उठून जाऊ शकत नाहीत असं नाही, पण गेले तर मला दिसणार नाहीत.

नव्वदच्या दशकात मुंबईतल्या बऱ्याच व्यापाऱ्यांनी आपली गोदामं वसई-भिवंडी रस्त्याला हलवली. जागा स्वस्त आणि ट्रक वळवायला मोकळी. आमच्या शेठनीही धुपाचं गोदाम कामणजवळ आणलं. त्यांना हिशेबाला आणि पत्रव्यवहाराला माणूस हवं होतं. आम्ही तेव्हा नुकताच आचोळ्याला ब्लॉक घेतला होता, आणि मुंबईला न जाता मिळणारी नोकरी मला देवानेच धाडल्यासारखी वाटली. पहिल्या दिवशी गोदामाचं दार उघडलं तशी मी दोन पावलं मागे सरले. देवळाचा गाभारा, दर्गा, बाळंतिणीची खोली, सगळं एकदम नाकात शिरलं. संध्याकाळी घरी गेले तर सासूबाई म्हणाल्या, "आज कुठल्या देवाला जाऊन आलीस?" पुढची पंधरासोळा वर्षं मी त्याच देवाला जात राहिले.

आता थोडं मालाबद्दल सांगते. अरबस्तानात आणि त्याच्या समोरच्या आफ्रिकेच्या किनाऱ्यावर खुरटी, काटक झाडं असतात. त्यांच्या सालीला चिरा देतात. त्यातून पांढरा चीक येतो, थेंब थेंब साठतो आणि उन्हात वाळून खडा होतो. तो उत्तम धूप. आपल्याकडे खानदेशात, विदर्भात साळईची झाडं आहेत, ती याच कुळातली. त्यांचाही माल यायचा, जरा मऊ आणि चिकट. एके काळी हा खडा सोन्याच्या तोलामोलाचा होता. येशू जन्मला तेव्हा तीन राजांनी ज्या भेटी आणल्या, त्यात सोन्याच्या जोडीला हा होता आणि तिसरा हिराबोळ, जो आपल्याकडे बाळंतिणीला देतात. मिसर देशात म्हणे मढी टिकवायला हे वापरत, आणि याचीच काजळी धरून बायका डोळ्यांत घालत. आमच्या शेजारचं सोपारा हे जुन्या काळचं मोठं बंदर. परदेशी गलबतं तिथे लागायची असं सगळे सांगतात, तेव्हा त्यात धुपाच्याही गोण्या असणारच. आम्ही म्हणायचो, आपल्याकडे काही नवीन आलेलं नाही, मालाने आपला जुना पत्ता शोधला एवढंच.

हे "आम्ही" म्हणजे खरं तर इनास काका. गोदामाचे पारखी. वसईच्या एका वाडीतले ख्रिस्ती, केळीची थोडी बाग होती, पण बागेत रमले नाहीत. तरुणपणी मुंबईत शेठच्या वडिलांकडे लागले आणि गोदामाबरोबर कामणला आले. पांढरी स्वच्छ पँट, इस्त्रीचा शर्ट, आणि त्या सगळ्या धुळीत संध्याकाळपर्यंत कपड्यावर डाग नाही. मला आणि निवडणाऱ्या सगळ्या बायकांना ते "बाय" म्हणायचे. शेठना "शेठ" म्हणायचे, पण ते अशा आवाजात, की शेठना आपण जरा लहान आहोत असं वाटायचं.

गोण ट्रकमधून उतरली की एक ठरलेला रिवाज होता. काका गोणीच्या तोंडाशी हात लावत नसत. वर कुणीही चांगलाच माल ठेवतो. ते कोपरापर्यंत हात आत घालून मधली मूठ काढायचे. ती तळव्यावर चोळायची, तिच्यावर तोंडाने वाफ टाकायची आणि डोळे मिटून वास घ्यायचा. मग एक खडा दातांखाली. खरा धूप आधी भुरभुरतो, मग चघळला की मऊ पांढरा गोळा होतो. राळ मिसळलेली असेल तर तोंडात पीठच राहतं. एक खडा पाण्यात घासायचा, पाणी दुधासारखं झालं पाहिजे. शेवटी निखाऱ्यावर. पांढरा धूर आला तर ठीक, काळा आणि टर्पेंटाइनचा भपकारा आला तर गोण परत. हे सगळं होईपर्यंत गोदामात कुणी बोलायचं नाही. काका "हं" म्हणाले की मगच बाकीच्यांनी तोंड उघडायचं. शेठसुद्धा हा नियम पाळायचे. नाहीतरी शेठच्या नाकाचा उपयोग नव्हता. दिवसभर तपकीर ओढून त्यांनी त्याचं भुयार करून ठेवलं होतं.

माल पास झाला की तो तरटावर ओतायचा आणि बायका निवडायला बसायच्या. मोठे पांढरे थेंब एकीकडे, पिवळे एकीकडे, तांबडे आणि साल चिकटलेले तिसरीकडे, आणि खाली राहिलेला चुरा उदबत्तीवाल्यांना. निवडणाऱ्यांत हिराबाई सगळ्यांत जुनी. कामणच्या पलीकडच्या गावातली, घरी थोडी भातशेती, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि जिभेला हाड नाही.

आमचा धंदा ठोक. तरी किरकोळ गिऱ्हाइकं वाट शोधत यायचीच. अर्नाळ्याचे एक तांडेल, म्हणजे होडीवरचे मुख्य खलाशी, दर पावसाळ्यात यायचे, होडीच्या फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासल्यावर वर लावायला त्यांना राळ लागायची. काका त्यांच्यासाठी ती बाजूला काढून ठेवायचे आणि बदल्यात सुके बोंबील घ्यायचे. एकदा आमच्याच बिल्डिंगमधले एक गृहस्थ आले. त्यांच्या खालच्या मजल्यावर रोज बोंबील भाजायचे. त्यांना असा जालीम धूप हवा होता, की तो वास जिन्यातच मरेल. काकांनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "साहेब, राजेलोकांनी बाळ येशूला हा धूप दिला. बोंबलाला हरवायचं काम त्यांनीसुद्धा याच्याकडून घेतलं नाही. तुम्ही एकदा खालच्यांकडे जेवायलाच जा." ते गृहस्थ रागावून गेले. पुढे खरंच जेवायला गेले, आणि आता तेच कोळंबीचं कालवण कसं करावं यावर व्याख्यान देतात.

असं सगळं मजेत चाललं होतं. मग एका वर्षी ईस्टरच्या सुमारास काकांना जोराचा ताप आला. बरे होऊन कामावर आले तेव्हा चेहरा उतरला होता, पण आम्हाला वाटलं अशक्तपणा असेल. मे महिन्यात हिराबाईने घरचा पिकलेला बरका फणस आणला आणि सावलीची जागा म्हणून काकांच्या टेबलाखाली ढकलून ठेवला. दुपारपर्यंत धुपाच्या गोदामात धूप कुठे आहे ते कळेना, एवढा तो घमघमत होता. काका डबा उघडून तिथेच बसले. पाय फणसाला लागत होते. जेवता जेवता म्हणाले, "हिराबाई, तुमच्याकडे फणस नाही का धरला यंदा?"

कुणी हसलं नाही. हिराबाईने माझ्याकडे पाहिलं. हात धुवायला आम्ही बाहेर गेलो तेव्हा ती म्हणाली, "ताई, काकांना वास येत नाय गो. नाक बसला त्यांचा."

पारख्याचं नाक बसलं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला पटकन कळायचं नाही. पैशांची त्यांना चिंता नव्हती. मुलगा कमावता होता, बाग होती. पण सगळ्या वसईत, चर्चला धूप पुरवणाऱ्यांत, मुंबईच्या बाजारात त्यांना "नाक" म्हणूनच ओळखायचे. इनासने हं म्हटलं ना, मग झालं, असं लोक म्हणायचे. ते "हं" गेलं असतं तर मागे केळीच्या बागेत न रमलेला एक म्हातारा उरला असता.

त्यांनी कुणाला सांगितलं नाही. आम्हीही आम्हाला कळलंय हे सांगितलं नाही. दात होते, पाणी होतं, धुराचा रंग होता, बोटं होती. तेवढ्यावर ते धकवून नेत होते, आणि बहुतेक वेळा धकतही होतं. मूठ नाकाशी नेऊन डोळे मिटायचे तेव्हा मात्र बघवत नसे. देवळात नवस फेडायला आलेल्या माणसासारखे उभे राहायचे. हिराबाईने आपली बसायची जागा हळूच त्यांच्या जवळ आणली. काही कमीजास्त वाटलं तर ती शेजारणीला ऐकू जाईल अशी पुटपुटायची, "हा तिकरचा जुना माल हाये वाटतं." काका ऐकून न ऐकल्यासारखं करायचे आणि मग म्हणायचे, "हं. जुना आहे." अशी आमची आंधळी कोशिंबीर पावसाळाभर चालली. शेठना पत्ता नाही.

पावसाळा सरल्यावर मोठा माल आला. वसईतल्या चर्चच्या सणांसाठी आणि पुढच्या नाताळासाठी म्हणून खास मागवलेला, आणि त्यातला काही काकांच्या स्वतःच्या वाडीच्या चर्चला जायचा होता. संध्याकाळी टेम्पो यायचे होते, म्हणून शेठ स्वतः हजर. काकांनी पहिल्या गोणीत हात घातला, मूठ काढली, चोळली, नाकाशी नेली. दुसरी एक गोण फुटली होती, तिचा सांडलेला माल हिराबाई सुपात भरत होती. तिने सहज बोटं नाकाला लावली आणि तशीच थिजली. मग सूप माझ्याकडे सरकवलं. मी वास घेतला. धुपाच्या मागे, अगदी पातळ, पण स्पष्ट, रॉकेल. ट्रकमध्ये आधी रॉकेलचे डबे असणार, आणि कुठला तरी गळका.

काका खडा दाताखाली धरून होते. दातांना रॉकेल कळत नाही. पाणी दुधाळ झालं. ते निखाऱ्याकडे निघाले. चेहऱ्यावर समाधान होतं, माल दिसायला खरंच सुरेख होता, मोत्यासारखा. आता ते "हं" म्हणणार, संध्याकाळी माल चर्चमध्ये जाणार, आणि सणाच्या दिवशी फादर वेदीसमोर साखळीची धूपदाणी हलवतील तेव्हा इनासने पारखलेल्या धुपाला रॉकेलचा वास येणार. आणि मी किंवा हिराबाईने आत्ता तोंड उघडलं तर शेठसमोर सगळं उघडं पडणार. त्यात काका बोलल्याशिवाय बोलायचं नाही हा नियम.

तेवढ्यात हिराबाई शिंकली. साधीसुधी नाही, पत्रे हादरतील अशी.

शेठ ताडकन उठले. कामाच्या सुरुवातीला शिंक झाली की ते काहीही थांबवायचे, अगदी ट्रक अर्धा रिकामा झालेला असला तरी. मला म्हणाले, "शैलाबेन, शिंक झाली. आत्ता नको. मी जरा देवाला हात जोडून येतो, मग बघू." ते बाहेरच्या खोलीतल्या तसबिरीकडे गेले.

काका निखाऱ्यापाशी उभे होते, मूठ तशीच. शेठच्या या शिंकेच्या धास्तीची ते नेहमी थट्टा करायचे. आज हसले नाहीत. हिराबाईकडे बघून म्हणाले, "बाय, तुला सर्दी झालीय?"

"नाय."

"तपकीर ओढलीस?"

"मी कशाला वडीन?"

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काय आहे यात?"

मी म्हटलं, "रॉकेल, काका."

त्यांनी मूठ पुन्हा नाकाशी नेली. खूप जोरात श्वास घेतला, छाती भरून. मग मूठ खाली केली.

"तुम्हाला कधीपासून ठाऊक आहे?"

"फनसापास्नं," हिराबाई म्हणाली.

"फणस होता?"

"तुमच्या पायाखालीच व्हता, काका."

ते हसायला लागले. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांनी इस्त्रीच्या शर्टाच्या बाहीने ते पुसलं. हे मी प्रथमच पाहत होते.

आम्हाला वाटलं, आता सगळं नीट होईल. उत्तर त्यांच्या हातात दिलेलं होतं. शेठ आले की "माल परत, रॉकेल लागलंय" एवढं म्हणायचं, म्हणजे उलट वाहवाच. हिराबाईने त्यासाठीच तर शिंकेचं नाटक केलं होतं. शेठ परत आले, खुर्चीत बसले आणि नियमाप्रमाणे गप्प राहिले.

काका म्हणाले, "शेठ, माल परत पाठवा. रॉकेल लागलंय."

शेठ खूश झाले. "वा, इनासभाई! म्हणूनच मी..."

"पण ते मला कळलं नाही. या दोघींना कळलं. माझं नाक ईस्टरपासून गेलंय."

काका मुठीतला धूप परत गोणीत टाकत म्हणाले, "मी सांगणार नव्हतो. पण हा माल चर्चमध्ये जातो, शेठ. तिथे धूर वर जातो तेव्हा त्याच्याबरोबर लोकांचं देवाकडचं मागणं वर जातं. मी आज हं म्हटलं असतं तर ते माझ्यावर विश्वासून रॉकेलच्या धुरातून गेलं असतं."

शेठ वाईट माणूस नव्हते, पण व्यापारी होते. त्यांनी काकांना घरी आराम करायला सांगितलं आणि मुंबईहून एक पारखी आणला. तो गृहस्थ टायवाला. त्याला तरटाची धूळ सोसेना. नाकाला रुमाल लावून तो प्रत्येक गोणीला चांगलं म्हणायचा. रुमालातून कसला वास येणार? सणाचे दिवस जवळ आले तसे शेठ रोज तसबिरीसमोर जास्त वेळ उभे राहू लागले. शेवटी एक दिवस मला म्हणाले, "इनासभाईंना बोलवा. दात, पाणी, हात त्यांचे. नाक तुमचं. दोघं मिळून हं म्हणा."

इथे एक गोष्ट लिहिलीच पाहिजे. नाक खरं म्हणजे हिराबाईचं होतं, माझ्यापेक्षा दुप्पट तिखट. मी शेठना तसं सांगितलंही. ते म्हणाले, "ती तर निवडायला बसते." हिराबाईला विचारलं तर म्हणाली, "मी बोललू तर बाजारात कोन आयकंल? तू बस तिथं, मी हाये बाजूला." तिची मजुरी वाढली, पण पारखी म्हणून पत्र्याच्या दारावर नाव लागलं ते माझं. ही खंत मला अजून आहे.

काका परत आले आणि माझी खरी शाळा सुरू झाली. पहिल्या गोणीची मूठ मला देऊन ते म्हणाले, "सांग." मी वास घेऊन म्हटलं, "चांगला आहे." "चांगला म्हणजे काय, बाय? चांगले तर आपले शेठपण आहेत. काय येतंय नाकात ते सांग." मी गडबडले. नाकात काय येतं ते सांगायला शब्द लागतात, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. मदतीला हिराबाई आली. म्हणाली, "लिंबाच्या सालीत नख रुतवला ना, तसा. मागून नव्या भाताच्या कनगीत डोकं घातल्यावानी." काका डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, "मग उन्हातला माल आहे. हं."

तेव्हापासून रोज तेच. मी सांगायची, ते ऐकायचे. हळूहळू मला जमायला लागलं. ओला चुना. कोरी वही. धुतलेल्या पोराची टाळू. सुकत घातलेली आमसुलं. कधी मी चुकीचा शब्द वापरला तर ते मान हलवायचे, "नाही, असा नसतो तो, पुन्हा घे," आणि मी पुन्हा घेतला की खरंच तसा नसायचा. वास न येणारा माणूस मला वास शिकवत होता. मालाचा कारभार तर सुधारलाच, पण मला वाटतं, त्यांना त्या ऐकण्याची ओढ लागली होती. एखाद्या दिवशी माल आला नाही तरी ते म्हणायचे, "कालचाच सांग."

पुढे दिवस पालटले. उदबत्तीवाल्यांना बाटलीतला वास स्वस्त पडू लागला, अर्नाळ्याच्या होड्यांवर फायबर चढलं आणि तांडेल यायचे थांबले. गोण्या कमी झाल्या, बायका कमी झाल्या. काकांचे गुडघे थकले आणि ते वाडीवर घरी बसले. शेठनी गोदाम बंद करायचं ठरवलं त्या आठवड्यात शेवटचा माल निवडून झाला. मी त्यातले चांगले मोठे थेंब पुडीत बांधले आणि हिराबाईला घेऊन काकांकडे गेले.

ते ओटीवर आरामखुर्चीत होते. खूप वाळले होते, पण शर्ट इस्त्रीचा. त्यांच्या पत्नीने, मार्थाबायने, आम्हाला पाणी दिलं. "धूप आणलाय," मी म्हटलं. ती म्हणाली, "थांबा, चुलीतले निखारे आणते," आणि आत गेली.

काका माझ्याकडे वळले. "शेवटचा ना, बाय? सांग."

मी सांगायला लागले. आधी लिंबाची साल, पण पिकलेल्या लिंबाची, उन्हात तापलेली. मग थोडा वेळ काहीच नाही. मग लाकूड, रंधा मारल्यावर सालपटं पडतात ना, तसं, कोरडं. हिराबाई म्हणाली, "आन शेवटाला गोड, दूध उतू जाता जाता वाचला म्हनजे येतो तसा." काकांनी डोळे मिटले होते. त्यांच्या नाकपुड्या हलल्या. त्यांनी हात वर करून आम्हाला थांबवलं.

"बस, बाय," ते म्हणाले. "आला."

ते छाती भरून श्वास घेत होते, सावकाश, पुन्हा पुन्हा, आणि चेहरा तरुण दिसत होता. मार्थाबाय निखारे घेऊन दारात आली आणि तशीच उभी राहिली. पुडी अजून माझ्या पर्समध्येच होती, मी तिची गाठसुद्धा सोडली नव्हती.